घामाचा धडा

वारजे, जि. पुणे
१२ एप्रिल १९८८

चि. सौ. प्रेमला हिस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. डोहाळजेवणाला येता आलं नाही, राग मानू नकोस. इकडे सगळे ठीक. माझी शाळा आता सकाळची झाली. आई परवा लोणी काळभोरहून येऊन गेली. पुढच्या महिन्यात तुला बाळंतपणाला आणायचं म्हणून घराला चुना काढून घेते आहे.

गेल्या आठवड्यात सातवीला त्वचेचा धडा घेतला. दरवर्षी पुस्तकाबाहेरचं थोडं सांगते, तसं सांगितलं. लाखो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या अंगावरचे दाट केस विरळ होत गेले आणि घाम वाढला. भर दुपारी बाकीची जनावरं सावलीत धापा टाकत बसायची, तेव्हा माणूस उन्हात चालत राहायचा. घाम वाळला की अंग निवतं, डोकं तापत नाही. त्या जोरावर माणूस टिकला.

पुढच्या बाकावर शालू म्हणून एक मुलगी बसते. तिने विचारलं, "बाई, एखाद्याला घामच आला नाही तर?"

"अंगातली उष्णता अंगातच राहते."

"मग?"

"मग त्याला ओलं ठेवायचं."

"आणि तरी नाही निवलं तर?"

मी फळ्यावर गृहपाठ लिहिला. अक्षर नेहमीसारखंच आलं.

प्रेमला, आपला जयू गेला. होळी होऊन आठवडाच झाला होता.

वर 'सगळे ठीक' लिहिलं ते आईने बजावलं म्हणून. "ती बाळंत होईपर्यंत तिच्या कानावर जाता कामा नये. जयू आत्याकडे राहिलाय म्हणायचं." मी हो म्हटलं होतं.

माझ्या पोराला घाम येत नव्हता. सासूबाई कौतुक करायच्या, "किती गुणाचं पोर, कधी घामोळं नाही." दोन वर्षांचा झाला तरी दात येईनात म्हणून डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा कळलं की त्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नाहीत. दिवाळीत तू विचारलंस, याचा बनियन सारखा ओला कसा? आईनेच पटकन सांगितलं, पाण्यात खेळतो.

त्या दिवशी घसा सुजून ताप चढला. ओल्या चादरीत गुंडाळलं, रिक्षाने दवाखान्यात नेलं. तिथे बर्फ लावला. तुझ्या दाजींनी त्याचे पाय धरले होते. "आई, गरम होतंय," म्हणाला. पुढे बोलला नाही.

मला अजून रडू आलेलं नाही. स्वयंपाक करते, शाळेत जाते, वह्या तपासते. दाजी माझ्याकडे बघतात आणि बाहेर जातात.

तुला हे सांगायचं कारण वेगळं आहे. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला बहीण आहे का? हे आईकडून मुलग्यात येतं." मग मी आईला आपल्या मामांबद्दल विचारलं. दोघेही पाळण्यातच तापाने गेले होते. आई म्हणाली, "तेव्हा पोरं जायचीच गं." आणि पदर तोंडाला लावून उठून गेली. तिच्यावर रागावू नकोस.

तुझ्यात ते असेलच असं नाही. मुलगी झाली तर फारशी काळजी नाही. मुलगा झाला तर पहिल्या दिवसापासून डॉक्टरांना सगळं सांगून ठेव. कुणी काही म्हणो, लपवू नकोस. नीट जपलं तर बहुतेक मुलं मोठी होतात, असं डॉक्टर म्हणाले.

आम्हीही जपलं होतं.

रडायचं असेल तर रड, पण जेवण चुकवू नकोस. बाळंतपणाला ये. मी तुझ्याजवळ राहीन, बाळाला अंघोळही घालीन. मला जमेल. आणि तू बाळाला घेऊन जळगावला परत गेलीस की एक कर. त्याच्या कपाळावर पहिल्यांदा घाम दिसेल त्या दिवशी तार पाठव. 'घाम आला' एवढंच लिही.

तोवर इथे जागी असलेली,
तुझी अक्का
विजयमाला