केतकीचा पेढा

शनिवार संध्याकाळ, बॉथेल, अमेरिका

माझ्या मैत्रिणीने, केतकीने, आज मराठी मंडळींच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, पेढे वाटले. युरोपातल्या तीन देशांच्या सरकारी हॉस्पिटलांनी मिळून डायबेटिसच्या जखमेवर लावायची पट्टी घ्यायची ठरवली, आणि आमच्या कंपनीची सोडून तिच्या कंपनीची घेतली. मी "वा, काँग्रॅट्स यार!" म्हणाले आणि पेढा टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये टाकला.

जळफळाट होतोय, लिहूनच टाकते. आमची पट्टी स्वस्त होती! टेंडर म्हणजे ज्याचा भाव कमी त्याला काम, हे आपल्याकडचं गणित माझ्या आणि आमच्या पुणेरी बॉसच्या डोक्यात पक्कं. पण तिथे भावाला मार्क कमी आणि पेशंटला काय फरक पडला याला जास्त. केतकीने म्हणे पट्टी लावलेल्या पेशंटना विचारलं, "रात्री झोप लागते का?" आणि ती उत्तरं टेंडरला जोडली. एवढंच? झोप? आणि त्यावर तीन देश?

घरी आल्यावर भारतात आईला फोन लावला. तिच्या पायाची डायबेटिसची जखम वर्षभर चिघळतेय, पण मला केतकीच्या नावाने मनसोक्त कुरकुर करायची होती. झोपेचं सांगितलं तेव्हा वाटलं, आई हसेल. ती म्हणाली, "अगं, मलाही ठणक्याने झोप लागत नाही. तिची ती पट्टी इकडे मिळेल का गं?"

तिची म्हणाली. माझी नाही.

उद्या केतकीला फोन करावा लागणार. पेढा अजून पर्समध्येच आहे.