चित्रातल्या हाताचं नाव

बाई, तुमच्या बोटांची टेबलावरची टकटक अजून माझ्या कानात आहे. दोन हलके ठोके, एक जड. अकोल्याच्या शाळेत कविता शिकवताना तुम्ही पुस्तक मिटून ठेवायच्या आणि उजव्या हातानं लय धरायच्या. शेवटच्या बाकावर शब्दांच्या आधी ती लयच पोचायची. मी कवी होईन असं तुम्हाला वाटायचं. झालो शरीररचनेचा मास्तर.

नोकरी लागली तेव्हा आमच्या विषयाचा तो जाडजूड विलायती ग्रंथ काखेत मारून मी जठारपेठेत तुमच्या घरी आलो होतो. तुम्ही स्वयंपाकघरात पोळ्या लाटताय आणि मी पाटावर बसून त्या पुस्तकाची जन्मकथा कविता म्हणावी तशी सांगतोय. लंडनमधले दोन तरुण डॉक्टर. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं चित्रं काढायची. इतर पुस्तकांत चित्रावर नुसत्या खुणा असायच्या, नावं खाली शोधावी लागायची. यांनी नाव थेट त्या हाडावर, त्या स्नायूवरच लिहिलं. लिहिणारा पुढं देवी येऊन ऐन तारुण्यात गेला, पण पुस्तक आवृत्तीमागून आवृत्ती निघतच राहिलं. तुम्ही लाटणं बाजूला ठेवून आलात आणि हाताच्या चित्राशेजारी आपला पिठाचा हात ठेवलात. शाळेत शुद्ध बोलायच्या, घरी मात्र वऱ्हाडी.

"लिहिणाऱ्याचं समजलं, चित्रवाल्याचं समजलं. अन् हा हात ज्याचा हाय, त्याचं नाव काय?"

मी म्हटलं, तिथल्या गरीबखान्यांतले, इस्पितळांतले, ज्यांना न्यायला कोणी आलं नाही असे गरीब लोक असत ते.

"त्यायले कोणी इचारलं होतं?"

"नाही, बाई."

"हाडाहाडावर नाव लिवलं, अन् माणसाचंच राह्यलं."

तव्यावरची पोळी करपली. एवढ्या कविता शिकून हा साधा प्रश्न तुले कावून पडला नाही रे, म्हणून तुम्ही मला झापलंत. त्या पानावर तुमच्या तळव्याचं पीठ अजून आहे. मी झटकलं नाही.

निवृत्त झाल्यावर तुम्ही एकट्याच एस.टी.नं अमरावतीला आमच्या कॉलेजात आलात, देहदानाचा फॉर्म भरायला. मी फॉर्म हातात धरूनच उभा, तर हसून म्हणालात, जिवंतपणी पोरं वर्गात लक्ष देत नव्हती, आता तरी गुपचूप पाहतील माझ्याकडं.

पुढं तुम्ही गेलात. लग्न केलं नव्हतंत, देह न्यायला सही धाकट्या भावाची लागणार होती. कॉलेजची गाडी फाटकाशी उभी, आणि ते मला म्हणाले, "बहिणीच्या सरणाले लाकडं नाही भेटले, असं लोक म्हणतीन मले." सही नसती तर मी रिकाम्या गाडीनं परतलो असतो. शेवटी त्यांनी केली, पण पेन माझ्या हातात न देता ओट्यावर टाकून म्हणाले, तिनं सांगितलं म्हणून केली, तुमच्यासाठी नाही. त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत.

मग तो पहिला तास. तुम्ही टेबलावर, नवी मुलं भोवती हात जोडून उभी. आमच्यात देह देणाऱ्याचं नाव सांगायचं नसतं. मी त्या ग्रंथाची गोष्ट सांगितली, दोन डॉक्टरांची, मग त्या तिसऱ्याबद्दलचा तुमचा प्रश्न. आणि म्हटलं, यांना विचारलं होतं. यांनी हो म्हटलं होतं. बाई, तेवढी ताठ मान माझी उभ्या नोकरीत कधी नव्हती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक वर्षीच्या मुलांचा पहिला तास तिथूनच सुरू झाला. माझे विद्यार्थी आता कुठं कुठं शिकवतात, तेही तिथूनच सुरुवात करतात. कोणाचा प्रश्न आहे हे त्यांना ठाऊक नाही.

पत्र कुठं धाडणार? फक्त एक कबूल करायचं होतं. त्या दिवशी नाव न घेण्याचा नियम मी पाळला, पण मनगटाची हाडं शिकवताना टेबलाच्या कडेवर माझी बोटं आपोआप चालली. दोन हलके, एक जड. मुलांना वाटलं, सर विचार करताहेत.

इथवर लिहिलं आणि बेल असून कोणीतरी बोटांनीच दार वाजवलं. उघडलं तर तुमचे भाऊ. हातात काठी, अकोल्याहून एकटेच आलेले. उंबऱ्याबाहेरूनच बोलताहेत.

"ताईनं भरला होता तसा फारम मलेबी भराचा हाय. माही पोरं सही देत नाही म्हणतात. तुमी सांगा त्यायले समजावून."

कागद तसाच ठेवतो, बाई. आधी त्यांना पाणी देतो.