तोंड गावाकडे

आबा, तुमचा स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा अजून चालतो, असं मी आज घरात सांगितलं आहे. ते कितपत खरं, हे शेवटी सांगते. तोवर तुमच्या सवयीप्रमाणे मध्येच बोलू नका.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी म्हसावदला आले, तर भावाने उंबऱ्यातच निकाल ऐकवला. विजेची नवी चिमणी ठरवून ठेवली आहे, बसवणारा सण झाला की येणार. "तो पंखा मायना हाते चालू व्हस, मन्ही बायकोना हाते नही. अखाजीलोंग नीट चालना तं ठेवू, नही तं भोक बुजी टाकू." त्याचंही चूक नाही. मिरचीची फोडणी पडली की मायला खोकल्याची ढास लागते, ती भांडी घासून होईपर्यंत थांबत नाही. पण त्या भोकाच्या विटा तुम्ही स्वतः फोडल्या होत्या, मास्तरकीच्या धोतरावर पोतं गुंडाळून. भोक बुजवायचं म्हटलं की मला तुमचं तोंड दाबल्यासारखं वाटतं. जिवंतपणी ते कोणाला जमलं नाही, हा भाग वेगळा.

पंखा आणला तो दिवस मला पाठ आहे. मायच्या खोकल्यासाठी गावात पहिला असला पंखा आपल्या घरात आला आणि तुम्ही तो उलटा बसवला. चुकून नाही, विचार करून! तोंड गल्लीकडे, पाठ चुलीकडे. माय विचारते, असं कसं? तर तुम्ही शिडीवरून सांगता, "एवढा भारी पंखा, घरमा कोणले दखाडू? तोंड गावकडे पाहिजे." मग माय ठेच्याच्या मिरच्या तव्यावर टाकते, तुम्ही ऐटीत बटण दाबता आणि पंखा गल्लीतली धूळ गोळा करून मिरचीच्या खकाण्यासकट आमच्या अंगावर फेकतो. आम्ही सगळे रस्त्यावर. समोरचे काका ओट्यावरून विचारतात, "मास्तर, पंखानं तोंड तं मस्त शे, पण घरना लोके बाहेर कसाले पळी ऱ्हायनात?" आणि माय, खोकताखोकता, "हाऊ पंखा शे का धुराडं?"

ही गोष्ट मी इतक्यांदा लिहिली आहे, की लोक मला लेखिका म्हणून कमी आणि उलट्या पंख्याच्या मास्तरांची मुलगी म्हणून जास्त ओळखतात. तुम्ही तो सुलटा केलात, ते मात्र कधी लिहिलं नाही. भर उन्हात, सगळी गल्ली बघत असताना, एक शब्द न बोलता तुम्ही पुन्हा शिडी चढलात. पंख्याची पाठ गावाला, धूर गल्लीत आणि वारा मायच्या बाजूने. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते छापायला गेलं नाही.

पुढे दरवर्षी अखाजीला माहेरी आलेल्या पोरी कडुनिंबाला झोके घ्यायच्या आणि माझ्या हातात तुम्ही पेचकस द्यायचात. मी कुरकुरले की म्हणायचात, "जी खाले उभी ऱ्हास, तिले खोलता येवाले पाहिजे." आधी मेन बंद, मग झडपा, मग पाती. गरम पाण्यात सोडा टाकून पाती भिजत घालायची. वर्षभराच्या फोडण्या त्यातून काळ्या होऊन निघायच्या. मोटारीला पाणी लावलं तर तुम्ही वर्गात ओरडायचात तसं ओरडायचात. बुशात, म्हणजे आस फिरतो त्या कड्यात, शिवणयंत्राच्या तेलाचे थेंब, तेही मोजकेच. "तेल पाजू नको, नुसतं चाटू दे." झोक्यावरच्या मैत्रिणी अजून गाणी म्हणतात. मला पंखा खोलता येतो.

आजही तेच केलं. पाती लख्ख झाली, बुश मोकळा झाला, बोटाने ढकललं तर भिंगरीसारखा फिरतो. बटण दाबलं तर नुसता हूं हूं करत जागच्या जागी बसून राहतो, गावातल्या पुढाऱ्यासारखा. कंडेन्सर गेलेला. म्हणजे धक्का दिला तर चालेल, नाही तर नाही. नवा कंडेन्सर मिळेल, पण दुकानदार अखाजीला सासुरवाडीला गेलेला. मग भाऊ यायच्या आत कपाशीच्या पऱ्हाटीची एक काडी घेतली, पातीला हळूच टोचा दिला आणि पंखा सुरू करून ठेवला. काडी ओट्याखाली. भाऊ आला, वर बघितलं. "चालस का आक्का?" मी म्हटलं, "चालस." खोटं कुठे होतं? चालतच होता.

तुमच्या नावाची घागर भरली, पुरणपोळी आणि रसाचं ताट वाढलं. मायने पितरांच्या आगारीचा घास निखाऱ्यावर ठेवायला घेतला, तूप सोडलं, धूर उठला आणि पंख्याने तो ओढायला सुरुवात केली. माय वळून म्हणाली, "बंद कर वं तो पंखा. आगारी शे. त्यास्ले बाहेर काढी देशी का?" केला बंद. धूर घरात फिरला, देवळीपाशी रेंगाळला, मायला ढास लागली तरी ती हलली नाही. मग भाऊच म्हणाला, "आते लाव ना आक्का. दखू दे."

माझा हात बटणावर आणि काडी ओट्याखाली. तेवढ्यात माय उठली. "तू पाट मांड रे तिकडे. आठे काय दखी ऱ्हायना?" भाऊ वळला. मायने पदर सावरला, डब्यांच्या मागे हात घातला आणि एक पऱ्हाटीची काडी काढली. माझी नवी होती. तिची टोकाला तेलाने काळीकुळकुळीत. एका टोच्यात पंखा सुरू. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तर आबा, पंखा चालतो तो एवढा. भावाला आम्ही दोघींनी सांगितलेलं नाही. कंडेन्सर आणला तरी मायला ती काडी टाकवेल असं मला वाटत नाही. हा कागद आगारीच्या निखाऱ्यावर ठेवणार होते, म्हणजे तुमच्यापर्यंत पोचला असता. पण आता पंखा चालू आहे. धूर सरळ गल्लीत गेला असता, आणि समोरचे काका अजून ओट्यावरच बसतात.