जिन्यातली शाळा

प्रति,
मा. संचालक,
पालक पूर्वतयारी कक्ष,
बालवर्ग प्रवेश कार्यालय, तांता (इजिप्त).

विषय : कन्या लुजैन हिची बालवर्गातील जागा रद्द न करता एक आठवडा राखून ठेवण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाची पुस्तिका 'शाळेआधीचे घर', सूचना क्र. ४ (घरी शाळा-शाळा खेळा) व क्र. ५ (हसत निरोप घ्या, मागे वळून पाहू नका).

महोदय,

सविनय कळवितो की, आपल्या पुस्तिकेतील सूचनांचे आम्ही तंतोतंत पालन केले. आमच्यावरचा प्रसंग त्यातूनच ओढवला आहे.

१. खेळात बाई कोणी व्हावे, हे पुस्तिकेत नमूद नाही. लुजैन (वय वर्षे पाच) हिने ती जागा पहिल्याच दिवशी भरून टाकली. वर्ग आमच्या मजल्यावरच्या जिन्यात भरतो.

२. आरंभी पटावर मी, पत्नी व माझी आई एवढेच होतो. परंतु लहान मुलीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही आमच्या इमारतीची जुनी खोड. हळूहळू सगळी बिऱ्हाडे दाखल झाली. आता कामावर निघण्यापूर्वी सर्वांना पायऱ्यांवर रांगेने उभे राहून झेंड्याला सलामी द्यावी लागते. झेंडा म्हणजे माझ्या आईचा डोक्याचा रुमाल. दारवान अम्म बखीत, म्हणजे आम्हां सर्वांचे बखीतकाका, सत्तरीचे आहेत. त्यांना पाणी प्यायला जायचे तरी बोट वर करावे लागते. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश उशिरा आल्याबद्दल कोपऱ्यात उभे राहिले. त्यांनी शिक्षेचे कारण विचारले, तेव्हा "कारण मी मिस आहे," असा निकाल मिळाला. आपणही हयातभर असेच निकाल दिले, असे सांगून त्यांनी तो मान्य केला.

३. येत्या रविवारी, आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, खरी शाळा सुरू होत आहे. गणवेश आला, पाण्याची बाटली आली. लुजैन म्हणते, मी गेले तर माझा वर्ग कोण सांभाळणार? पहिल्या दिवशी हजर न झाल्यास तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल. ही जागा आम्ही कशी मिळवली ते आमचे आम्हाला ठाऊक. शाळेच्या मुलाखतीत तिला एका फुग्याचा रंग विचारला; आम्हां दोघांची मात्र उलटतपासणी झाली. मी तर टाय उसना आणला होता.

४. धाक, लालूच, मावशीची मध्यस्थी, सर्व उपाय थकले. अखेर काल माझ्या आईने तिला भाजलेले कणीस देऊन मांडीवर घेतले आणि खरे कारण काढून घेतले. ती आजीला म्हणाली, "तेता, सगळे पास झाले गं. बाबाच राहिलेत. निरोपाच्या धड्यात ते रोज मागे वळून बघतात. मी शाळेत गेले तर रडत बसतील."

५. महोदय, हे खरे आहे. खेळातला निरोप असूनही माझा पाय घराच्या दारातून निघत नाही. एकदा बाहेर पडून दार ओढून घेतले, तर पायरीवरच बसून राहिलो, आणि अम्म बखीत यांनी मला चहा आणून दिला. लुजैन आम्हाला फार उशिरा झाली. ती मावशीकडे गेली तरी घर मला खायला उठते. आपल्या पुस्तिकेत मुलाच्या रडण्यावर आख्खे पान आहे, बापाच्या रडण्यावर एक ओळ नाही.

तरी विनंती की, तिची जागा आठवडाभर राखून ठेवावी, त्या मुदतीत माझी फेरपरीक्षा घ्यावी, व मी उत्तीर्ण झाल्याची चिठ्ठी मिस लुजैन यांच्या नावे द्यावी. माझ्या तोंडी आश्वासनावर त्यांचा विश्वास नाही.

हा अर्ज मी समक्ष घेऊन येत आहे. लुजैन आजीचे बोट धरून मला आपल्या दारापर्यंत सोडायला येणार आहे. तिने आजच समजावून ठेवले आहे, "रडायचं नाही. तास संपला की मी घ्यायला येते." ती मागे वळून बघणार नाही. मी बघू नये, एवढे कृपया आपल्या शिपायाने पाहावे.

आपला विनीत, तूर्त नापास,
सफवत अब्दुल बारी
तांता, दि. १५ सप्टेंबर

सोबत :
१. लुजैनच्या जन्मदाखल्याची प्रत.
२. माझ्या वर्तणुकीबद्दल न्यायाधीशांचे हमीपत्र.
३. पांढऱ्या चीजचे व काकडीचे सँडविच, एक. हे बाईंनी माझ्यासाठी बांधून दिले आहे. मधल्या सुट्टीपर्यंत आपल्याकडे ठेवावे.