टपालाशिवाय धावणं

आबा, तुम्हांला खांद्यावर ओझं असल्याशिवाय धावता येत नव्हतं, हे मी आज कोणाला सांगितलं तर ऐकणारा हसतो. मीही हसले होते. तारकर्लीच्या पुळणीवर, ओहोटीच्या कडक ओल्या वाळूत, पहिल्या सकाळी तुम्ही मालवणच्या बाजूला तोंड करून धावायला लागलात आणि वीस पावलांत डावीकडे कलत कलत सरळ समुद्रात गेलात. मालवणहून मसुऱ्याला इतकी वर्षं टपालाची थैली उजव्या खांद्यावर घेऊन धावलेला माणूस. तिचा भार तोलायला तुमचं अंग कायम डावीकडे झुकलेलं असायचं. थैली गेली, झुकणं राहिलं. गुडघाभर पाण्यात उभे राहून तुम्ही मागे वळून पाहिलंत आणि म्हणालात, "हसतंस काय गो? रस्तो वाकडो आसा." समुद्राच्या काठाला रस्ता म्हणणारे तुम्हीच. मी पोट धरून वाळूत बसले. माहेरी परत आल्यापासून दोन वर्षांत मी हसले ती तेव्हा.

परत कशी आले तेही लिहायला हवं, नाहीतर हे पत्र अर्धंच राहील. माझं सासर मसुऱ्याला, तुमच्या टपालाच्या वाटेवरच. काठीचे घुंगरू लांबून ऐकू यायचे आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन अंगणाच्या दगडी गडग्यापाशी उभी राहायची. रनरला वाटेत थांबायची मुभा नव्हती, म्हणून तुम्ही जागच्या जागी पाय हलवत पाणी प्यायचात. अर्धं पाणी मिशीवर, अर्धं सदऱ्यावर. "थांबलंय नाय हां मी," असं माझ्या सासूबाईंना बजावून पुढे जायचात. त्या दिवशी तुम्ही नेहमीपेक्षा लवकर आलात. मी म्हटलं, "आज बेगीन इलास?" तुम्ही म्हणालात, "वारो पाठीत आसा." हसलात, पाणी प्यालात, गेलात. तासाभराने शाळेचे मास्तर, जे गावचं टपालही बघायचे, ते कार्ड घेऊन आले. कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता. कोपरा फाडलेलं कार्ड मरणाचं असतं हे वाचता न येणाऱ्यालाही कळतं, आणि मला तर तेव्हा थोडंफार वाचता येत होतं, पुड्यांच्या कागदांवर शिकलेलं. हे मुंबईला गोदीत कामाला होते. बरोबरच्या माणसाने लिहिलं होतं. थैलीला लाख लावलेली असते, आत काय आहे ते तुम्हांला कळायचं कारण नव्हतं. पण ते कार्ड तुमच्या खांद्यावरून आलं होतं, आणि हे तुम्हांलाही ठाऊक होतं, मलाही. तुम्ही मला घरी घेऊन आलात. त्यानंतर रोज संध्याकाळी घराजवळ येताना तुम्ही घुंगरू मुठीत आवळून धरायचात, मला ऐकू येऊ नयेत म्हणून. मला तरीही ऐकू यायचे.

मग एसटी आली आणि टपाल तिच्यातून जाऊ लागलं. तुम्हांला घरी बसवलं. आठ दिवस तुम्ही खुशीत होतात, नवव्या दिवसापासून घराला तुमचा त्रास सुरू झाला. पहाटे उठून पडवीत येरझारा, जेवण कमी, आमटीत मीठ जास्त, चटईला ढेकूण, सगळ्याला तक्रार. आई म्हणायची, "ह्यांच्या पायांक कोणीतरी बांधून ठेवा गो." शेवटी मालवणच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, पाय तपासले आणि म्हणाले, "इतकी वर्षं धावलेलं शरीर एकदम खाटेवर बसवलंत, ते रुसणारच. रोज सकाळी थोडं धावा. पण एकटे जाऊ नका, सोबत कोणीतरी हवं." तुम्ही विचारलंत, "कशाक धावू? टपाल नाय तर?" ते म्हणाले, "तब्येतीसाठी." बाहेर आल्यावर तुम्ही मला हळूच विचारलंत, "शहरातली माणसां खरांच फुकट धावतत?" वाचनालयातून आणलेल्या एका जुन्या मासिकात मी तसं वाचलं होतं. मी हो म्हटलं. तुम्ही बराच वेळ मान हलवत राहिलात. घरी आईने निकाल दिला, "तू जा गो ह्यांच्या वांगडा. खंय पडले तर उचलूक कोण?"

अशी मी धावायला लागले. दुसऱ्या दिवशी मी गोणपाटाची थैली शिवली, तुम्ही तीत वाळू भरलीत, उजव्या खांद्यावर टाकलीत, आणि काय सांगू आबा, तुम्ही बाणासारखे सरळ गेलात. तुम्हांला तेवढ्याने भागेना. जुने घुंगरू काढून काठीला बांधलेत. ते वाजताच मी सवयीने पाण्याचा तांब्या उचलला. आपण पाणंदीतून पुळणीकडे निघालो तर शेजारची काकी, केस न विंचरताच, हात पुढे करून दारात उभी. "माझ्या झिलाचा कार्ड इला काय ओ?" तिचा मुलगा मुंबईला, वर्षभर त्याचं काही कळलेलं नव्हतं. घुंगरू वाजले म्हणजे टपाल आलं, एवढंच तिला ठाऊक. तुमच्या थैलीत वाळू. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, थैलीकडे पाहिलंत, आणि म्हणालात, "उद्या येतला, काकी." पुळणीवर पोचल्यावर तुम्ही घुंगरू सोडवलेत आणि कनवटीला लावलेत. त्या दिवशी दुपारी मी काकीकडे जाऊन तिच्या मुलाला कार्ड लिहिलं. महिन्याभरात उत्तर आलं, मी ते तिला तीनदा वाचून दाखवलं. उत्तर एसटीने आलं, तेव्हा तुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मला धावणं येत नव्हतं. पहिल्या दिवशी दोन माडांमधल्या अंतरात माझ्या कुशीत कळ आली. काष्टा सुटायचा, तोंड कोरडं पडायचं, आणि लाज तर इतकी की समोरून कुत्रं आलं तरी मी चालायला लागायची. तुम्ही कधी घाई केली नाहीत. दोन माड धाव, दोन माड चाल. असं आठ दिवस. मग तीन माड. "बोलत धाव," म्हणायचात, "बोलणा खुंटला की समज, पाय तुझ्या ऐकण्यात नाय." म्हणून मी धावताना तुम्हांला आदल्या दिवशी वाचलेलं पुस्तक सांगायची. किती पुस्तकं आपण त्या पुळणीवर संपवली! राजाराणीच्या गोष्टीत तुम्हांला एकच शंका असायची, राजाचा निरोप घेऊन कोण गेला आणि त्याला किती वेळ लागला. आणि मी दमून भागून आणखी धावू म्हटलं की तुम्ही हात आडवा धरायचात. "उद्याच्याक वायच ठेव. सगळा आजच धावलंस तर उद्या काय धावतलंस?"

कोणत्या दिवशी ते घडलं ते आठवत नाही. पावसाळा संपून आकाश धुतल्यासारखं झालं होतं, रापणीचं जाळं ओढणारे अजून आले नव्हते, वाळूवर फक्त खेकड्यांची रांगोळी. मी धावत होते आणि एकाएकी लक्षात आलं की मी माड मोजत नाही. पाय आपले आपण पडतायत, श्वास आपला आपण येतोय, कानांत वारा, आणि मनात काही नाही. कार्ड नाही, सासर नाही, उद्या नाही. मी ओरडले की काय कोण जाणे, कारण तुम्ही वळून विचारलंत, "काय चावला?" मी म्हटलं, "काय नाय." त्या आनंदात मी तुम्हांला मागे टाकून सुसाट सुटले. टोकाच्या होडीपाशी पोचले आणि तिथेच ओकले. तुम्ही आपल्या चालीने मागून आलात, तोंडावर पाणी मारलंत आणि मग बोललात, इतक्या कडक आवाजात की तसा मी लहानपणीही ऐकला नव्हता. "डाक पोचवूची आसता गो, जिंकूची नसता." मी रडले. पण दुसऱ्या दिवशी तुमच्या आधी उठले.

लोक बोलायचे, ते बोलणारच. रापणीवरचे रोज विचारायचे, "आबानू, आज टपाल खंय चल्ला?" तुम्ही न थांबता सांगायचात, "गोंयाक! पोर्तुगीज सायबाक कळयतंय, चालतो हो म्हणान." गोवा मोकळा झाला तेव्हा त्यांनीच तुम्हांला खांद्यावर घेऊन नाचवलं, निरोप पोचला म्हणून. बायकांचं बोलणं वेगळं. एक म्हातारी एकदा माझ्या तोंडावर म्हणाली, "रांडावलेली बाई पळता. आमच्या वेळार असा नव्हता." मी थांबले. तुम्ही पाय हलवत म्हणालात, "तुमच्या वेळार तुमी धावलास नाय, म्हणान आता कमरेक तेल लावन बसलास." त्याच आठवड्यात मालवणच्या बाजारातून माझ्यासाठी लुगडं घेऊन आलात. जाडं, मातकट, जवळजवळ खाकी. आई म्हणाली, हा कसला रंग आणलात? तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "डाकवाल्याक वर्साक गणवेस गावता. हिका दोन वर्सां झाली, गावलो नाय." आई हसता हसता पदराने डोळे पुसत आत गेली. त्यानंतर मला कोणी काही बोललं तरी लाज वाटली नाही. मी गणवेशात होते.

आणि त्या कार्डाबद्दल आपण एकदाच बोललो, तेही धावताना. शेजारी शेजारी धावताना एकमेकांचं तोंड दिसत नाही, हे बरं असतं. काही विषय नसताना तुम्ही म्हणालात, "त्या दिसा मी वायच हळू इलंय असतंय तर?" कुठला दिवस ते विचारावं लागलं नाही. मी दहा-बारा पावलं मोजली. मग म्हटलं, "तर मी एक तास जास्त सवाष्ण रवलंय असतंय, आबा. आणि काय?" तुम्ही धावत राहिलात. थैलीतली वाळू पाठीवर चुळचुळ वाजत होती. होडी दिसायला लागली तेव्हा म्हणालात, "वारो पाठीत होतो, बाय." मी म्हटलं, "माका म्हायत आसा." होडीपर्यंत जाऊन आपण परत फिरलो. घरी आल्यावर तुम्ही दोन ताटल्या पेज प्यालात.

पुढे तुमचा गुडघा सुजला तो उतरलाच नाही. डॉक्टरांनी धावणं बंद केलं. पडवीत पाय लांब करून बसलेले तुम्ही मला म्हणालात, "आता तुझी सुटका झाली, बाय. माझ्या पाठी खूप धावलंस. आता सकाळी वायच नीज." तुम्हांला वाटत होतं, आणि आईला, आणि सगळ्या वाडीला, की मी बापाला सांभाळायला धावते. त्याच्यावरच तर माझं धावणं चाललं होतं. विधवेने बापाची सेवा करावी, त्याला कोण नाव ठेवणार? आता बाप पडवीत बसला, तर मी कशासाठी जायचं? मी तुम्हांला "बरां" म्हटलं. तीन दिवस पहाटे जागी होऊन आढ्याकडे बघत पडले. चौथ्या दिवशी आईला सांगितलं की सुरूच्या झाडांखालच्या काटक्या गोळा करायला जाते. काटक्या दहा मिनिटांत व्हायच्या. भारा झाडाखाली टाकून मी होडीपर्यंत धावायची. आई म्हणायची, "इतक्याशा काटक्यांक इतको वेळ?" तुम्ही माझी बाजू घ्यायचात, "गोळा करूक वेळ लागता गो, लांब लांब पडतत." तुमच्या त्या बोलण्याने मला जास्त टोचायचं. दोन वर्षं मी तुमच्याशी खोटं बोलले.

तुम्ही गेलात तेव्हा घरात सुतक. मला तेरा दिवस बाहेर पडायचं नव्हतं. पाचव्या दिवशी पहाटे मी काटक्यांचं कारणही न सांगता निघाले. पुळणीवर कोणी नव्हतं. पहिले काही माड मी रडत धावले, श्वास अडकायचा. मग पाय सुरळीत पडायला लागले. आणि आबा, मला बरं वाटलं. तुम्ही नसताना, तुमच्या पाचव्या दिवशी, मला धावताना बरं वाटलं. मी परत आले तेव्हा आई दारात उभी होती. तिने माझ्या पायांची वाळू पाहिली, लुगड्याचा भिजलेला काठ पाहिला. मला वाटलं आता ऐकावं लागणार. ती एवढंच म्हणाली, "पेज निवली." दुसऱ्या दिवशी तिने मला स्वतः उठवलं.

त्याला आता किती वर्षं झाली. तुमचं वय मी केव्हाच ओलांडलं. ह्यांची आठवण रोज येते, तुमची येते, आईची येते, ती यायची तशी येते आणि बसते. मी तिला बसू देते आणि धावून येते. आता चार माड धावते, चार माड चालते, पण जाते. तुमच्यासाठी मी पहिले दोन महिने धावले असेन. त्यानंतरचं सगळं माझ्यासाठीच होतं. तुम्ही सुटका झाली म्हणालात तेव्हा हे सांगायला हवं होतं, तुम्हांला किती आनंद झाला असता. सांगितलं नाही, कारण आपल्याला काही आवडतं असं म्हणायची मला सवय नव्हती.

हे पत्र पुरं करून नीट घडी घालून ठेवीन असं मनात होतं. पण एक सांगून टाकते. आज मी लिहायला बसले ती काही तुमची फार आठवण आली म्हणून नव्हे. तीन दिवस पाऊस आहे, समुद्र सुरूच्या झाडांपर्यंत आलाय, धावायला जागाच नाही, म्हणून बसले. आता उघडल्यासारखं दिसतंय. पाणी मागे गेलं का ते बघून येते.