फोनवर म्हणालात, दुखत नाही

प्रिय डॅड,

मी मजेत आहे. माझ्या बेताच्या मार्कांवर मोठी हॉस्पिटलं मला दारातही उभं करणार नाहीत, म्हणून पायांच्या डॉक्टरकीची महिनाभराची उमेदवारी टोलेडोजवळच्या लहान हॉस्पिटलात घेतली. पदवीनंतरची रेसिडेन्सीही इथेच मागेन. इथल्या डॉक्टर मर्कल म्हणाल्या, "हुशार पोरं पुस्तक बघतात. तू पेशंटचा बूट झटकून बघ."

सोमवारी साखरेनं पाय बधिर झालेल्या एका ट्रकवाल्याच्या बुटातून खिळा पडला. आठवडाभर तो त्यावरच चालत होता. "दुखलंच नाही हो," एवढंच म्हणत राहिला. आज त्याचा पाय कापला.

तुमची साखर किती आहे? परवा म्हणालात, मोजा ओला होतो, पण दुखत मुळीच नाही. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहितेय. पत्र बाजूला ठेवा आणि आईला तळवा दाखवा. आत्ता.

तुमच्या दोन्ही पायांवर जीव असलेली,
नोरीन