‘या जी’ला तेलुगूत काय म्हणतात

अम्मा,

तुमच्या दवाखान्याच्या दारात मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला विधवा होऊन वर्षही झालं नव्हतं. मार्कंड्याकडची मी, सिरोंच्याच्या रस्त्यावरचं ते गाव मला परदेशच. सासरी माझं नावच पुसलं गेलं होतं. सासू उठता-बसता ‘ये रांडे, जा रांडे’ करायची. माझ्या मामांनी खटपट करून आयाची जागा मिळवून दिली, तेव्हाही ती उंबऱ्यावरून ओरडली होती, ‘‘जाते कुठी थे! महिन्याभरात वापस येईन इथीच, माह्याच पायापाशी.’’ मी मनात म्हटलं, मरेन पण येणार नाही.

आणि इथे मी ट्रंक खाली ठेवते न ठेवते तोच पांढऱ्या पातळातल्या, ठसठशीत कुंकवाच्या तुम्ही बाहेर आलात, दवाखान्याच्या मुख्य नर्सबाई. दोन्ही हात जोडलेत आणि तोंडभर हसून म्हणालात, ‘‘रंडी, रंडी. लोपलिकी रंडी.’’

अगं बाई! माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. ट्रंक उचलली आणि तडक रस्त्याला लागले. कंपाउंडरभाऊ मागून धावत आले.

‘‘अवो बाई, काऊन चालल्या?’’

‘‘काऊन म्हंजे? इथीबी तेच ऐकाचं काय मले? हात जोडून शिव्या देते तुमची बाई!’’

ते आधी गोंधळले, मग त्यांना हसू आवरेना. ‘‘शिवी नाई जी थे. तेलुगू हाये. ‘रा’ म्हंजे ये, ‘रंडी’ म्हंजे या जी. लेकराले ‘रा’, मानाच्या माणसाले ‘रंडी’. थे तुमाले आत या जी म्हणून राह्यली.’’

मला ‘या जी’? वयानं आईएवढी बाई, हुद्द्यानं मोठी, आणि माझ्यासारखीला हात जोडून? मी त्यांच्यामागून परत आले, पण रडू काही थांबेना. तुम्ही विचारलंत, काय झालं? मी म्हटलं, बैलबंडीच्या हादऱ्यांनी चक्कर आली. तुम्ही गूळ-पाणी दिलंत.

डॉक्टरांनी बजावलंच होतं, नदीपलीकडून येणाऱ्या बायकांशी तेलुगूत चार शब्द बोलता आले तर जागा पक्की, नाहीतर दुसरी आया बघू. म्हणजे परत तो उंबरा. मग काय, कंबर कसली. सुया उकळताना घोकायची. कूर्चोंडी, बसा. बागुन्नारा, बऱ्या आहात ना. वेळ्ळोस्तानु, जाऊन येते. म्हणजे निघताना नुसतं ‘जाते’ तिकडेही म्हणत नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. पाणी भरणाऱ्या गोंड दादांकडून ‘जोहार’ घेतलं, ‘उद्दा’ म्हणजे बसा तेही घेतलं. मी सकाळी जोहार केला की ते भरली घागर खाली ठेवायचे आणि मगच उलटा जोहार करायचे. सगळं जिभेवर बसलं, फक्त तुमचा तो एक शब्द बसेना. ओठांपर्यंत यायचा आणि सासूचं तोंड दिसायचं. मग मी नुसत्या ‘रा’वर भागवून न्यायची.

ते एक दिवस अंगाशी आलं. पलीकडच्या गावची एक म्हातारी अडलेल्या सुनेला घेऊन आली. मी दारात उभी राहून तिला म्हटलं, ‘‘रा!’’ म्हातारीचा चेहरा बदलला. काहीतरी कडक बोलली आणि गाडीवानाला तिनं बंडी वळवायला लावली. सून बंडीत कण्हत होती. तुम्ही हात पुसत बाहेर आलात आणि मोडक्या मराठीत मला असं झाडलंत, ‘‘मोठा बाई हाय ती! कुत्र्याला बोलावते काय असा? सून मरेल ना! जा. आन तिला.’’

मी पळाले. अनवाणी, भर बाजारातून. चहाच्या हॉटेलात आपली मराठी माणसं बसली होती, पोलीसपाटील, मास्तर, सगळे. बंडी नदीच्या उताराला लागत होती. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, हात जोडले आणि जेवढा दम होता तेवढ्यानं ओरडले, ‘‘रंडी, अम्मा! लोपलिकी रंडी!’’ हॉटेलात कोणीतरी फिस्सकन हसलं. हसू दे मेल्यांना! मी पुन्हा ओरडले, पुन्हा पुन्हा ओरडले. बंडी थांबली.

संध्याकाळी मुलगी झाली, दोघी सुखरूप. निघताना म्हातारी माझ्या गालाला हात लावून म्हणाली, ‘‘वेळ्ळोस्तानम्मा.’’ जागा पक्की झाली. मी त्या उंबऱ्यावर परत गेले नाही, अम्मा. पुढे मीच दाई झाले, मीच दारात उभं राहून लोकांना आत बोलावू लागले.

पण रजेवरून परत आले की दारात तुम्हीच असायचात. पुढे मला सगळीकडे लेकीसारखं ‘रा’ म्हणू लागलात, पण दारात मात्र हात जोडून, पहिल्या दिवशीसारखंच. मग हसून विचारायचात, ‘‘त्या दिवशी पळाला कशाला तू?’’ आणि मी दर वेळी बंडीचे हादरेच सांगायची.

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून तर हे लिहिण्याचा धीर झाला. आता तर तुम्हीच राहिला नाहीत, पत्र टाकायचं तरी कुठे? आमच्याकडे त्या शब्दाचा काय अर्थ होतो ते मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. कंपाउंडरभाऊंनाही शपथ घातली होती. कळलं असतं तर तुम्ही जीभ चावली असती, आणि मला पुन्हा कधी तसं बोलावलं नसतं.